शिळं पाणी

आजीच्या घरी पाणी शिळं व्हायचं. काल भरलेला हंडा आज सकाळी रिकामा व्हायचाच. थोडं पाणी तुळशीला, उरलेलं मोरीत. मग चिंच लावून तांबं लख्ख घासायचं, विसळायचं आणि तोंडावर चौपदरी गाळणं बांधून ताजं पाणी भरायचं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवला की गाळ तळाशी बसे. त्यानंतर हंड्याला धक्का लागला, तर आमची धडगत नसे.

या खटाटोपाला कुणी शास्त्र म्हणत नव्हतं, पण ते त्यात होतं. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात. डासाला अंड्यातून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो. रोज पालथ्या होणाऱ्या हंड्यात त्याला तेवढी सवड कुठली! आता आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणून विनवतं.

अर्थात गावची पटकी काही हंडा घासून थांबत नव्हती. पायऱ्यांच्या विहिरींतून नारू व्हायचा. गाळणं बांधणारी घरं त्यातून वाचत, बाकीची भोगत. भारत नारूमुक्त जाहीर व्हायला 2000 साल उजाडलं. गावच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडू लागली, ही मला नळाइतकीच मोठी गोष्ट वाटते. हजार लिटरला साधारण 5 ग्रॅम, वर अर्धा तास थांबायचं. मग जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडिन) या रसायनाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते बघतो. रंग आला, तर क्लोरिन शिल्लक आहे. पावडरचं पोतं उघडं राहिलं, तर तिचा जोर मात्र उतरतो.

शहरात हे क्लोरिन पालिका घालून देते, आणि आपण ते गच्चीवर घालवतो. उन्हात तापलेल्या टाकीत ते लवकर उडतं. उरलंसुरलं तळचा गाळ खातो. टाकी काळी असली, तर उजेडाअभावी शेवाळ धरत नाही, एवढाच दिलासा. झाकण वाऱ्याने सरकलेलं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही. आत पाणी किती दिवसांचं, कोण जाणे. त्याला शिळं मात्र कुणी म्हणत नाही. खाली स्वयंपाकघरात फिल्टर आहे ना!

सोसायटीच्या सभेत टाकी धुण्याचा विषय पार्किंगच्या भांडणानंतर, लोक उठायला लागले की येतो. धुणारे बादल्या भरभरून चिखल काढतात आणि टाकीवर रंगाने तारीख लिहून जातात. ती वाचतात फक्त संक्रांतीला पतंग उडवायला गेलेली पोरं.