यास आधार काय?

लघुप्रबंधांचे गठ्ठे विभागात आले की आम्ही आधी शेवटची पाने उघडतो. विद्यार्थ्याने काय वाचले आणि काय नुसतेच उतरवून घेतले, हे संदर्भसूचीवरून बरेचसे कळते. आडनाव, नाव, ग्रंथनाव, प्रकाशन, स्थळ, आवृत्ती, वर्ष हा क्रम सांगणारा एक छापील कागद आम्ही वर्षानुवर्षे वाटत आलो आहोत. त्या कागदाचा आम्हांला थोडा अभिमानही होता.

२०१६ साली सेलू तालुक्यातील एका विद्यार्थ्याने ‘गीताई’च्या भाषेवर लघुप्रबंध लिहिला. वर्ध्यात हा विषय नवा नाही. पवनार जवळच आहे. सूचीत नेहमीचे घोटाळे होतेच. ‘भावे, वि.’ अशा एकाच नावाखाली ‘गीताई’ही होती आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ही! विनायक नरहरी आणि विनायक लक्ष्मण या दोन भाव्यांना त्याने एकाच घरात नांदवले होते. ‘ज्ञानेश्वरी’ ‘ज’मध्ये गेली होती. ती चूक संगणकाची. शाळेच्या तक्त्यात ‘ज्ञ’ सर्वांत शेवटी असतो, संगणक मात्र त्याला ज आणि ञ यांचे जोडाक्षर समजतो. हे सारे आम्ही लाल शाईने दुरुस्त केले.

पुढे मात्र दोन नोंदी अशा होत्या, की त्यांवर आम्ही फार विचार न करता काट मारली. पहिली होती : ‘साने गुरुजी : गीता प्रवचने’. समासात आम्ही लिहिले, ‘लेखक विनोबा’. त्यावर तो भीतभीत म्हणाला, “सर, पण लिहिलं तर गुरुजींनीच ना?” त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अशी अठरा प्रवचने विनोबांनी दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ती टिपली गेली नसती, तर आज सूचीत घालायला ग्रंथच नसता. ‘भावे, विनोबा, शब्दांकन : साने गुरुजी’ अशी नोंद सहज करता आली असती. पण आमच्या कागदावर शब्दांकनाचा रकानाच नव्हता.

दुसरी नोंद सर्वांत शेवटी होती. आडनाव, नाव वगैरे काही नाही. नुसते ‘आजी, कापूस वेचताना सांगितलेले’. आम्हांला हसू आले, हे कबूल केले पाहिजे. विभागात ती नोंद मोठ्याने वाचूनही दाखवली गेली.

मौखिकीच्या दिवशी बहिःस्थ परीक्षकांनी पृष्ठ ४३ उघडले. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांच्या तोंडी ‘गीताई’तले काही शब्द वऱ्हाडी वळण घेतात, असे तिथे उदाहरणांसह लिहिले होते. सबंध प्रबंधात स्वतः मिळवलेले असे तेवढे एकच पान होते. “यास आधार काय?” त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. विद्यार्थ्याने आमच्याकडे पाहिले. आधार आम्हीच खोडला होता, हे त्या खोलीत आम्हां दोघांनाच ठाऊक होते. आम्ही गप्प राहिलो. तोही काही बोलला नाही. ‘कल्पित उदाहरणे’ असा शेरा पडला आणि गुण गेले.

पुढच्या वर्षी कागद बदलला. ग्रंथांच्या यादीखाली ‘मुलाखती’ असे वेगळे शीर्षक आले. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, दिनांक. शब्दांकनालाही जागा मिळाली. विद्यार्थ्याला मात्र आम्ही बरीच वर्षे काही कळवले नाही.

गेल्या महिन्यात विभागाच्या कपाटात ती प्रत हाती लागली. त्याला फोन केला. आता तो एका शाळेवर शिकवतो. आजी राहिल्या नाहीत, हे त्याच्याकडूनच कळले. त्यांचे नाव विचारले, वय विचारले. त्याने दोन्ही सांगितले. दिनांक विचारला, तेव्हा थोडा वेळ काही आवाज आला नाही.

“तारीख नाही आठवत, सर. पऱ्हाटीचा शेवटचा वेचा होता. फेब्रुवारी असेल.”

शेवटच्या पानावर आमच्या लाल रेघेखाली आम्ही शिसपेन्सिलीने नोंद लिहिली. नाव, वय, गाव, फेब्रुवारी २०१६. दिवसाची जागा मोकळी सोडली.