उंच बॉनेटची जीप

ऑफिसात प्रोग्रॅम बंद पडला की आपण लॉग उघडतो. राजुऱ्यात आमच्या बाबांच्या पेट्रोल जीपला लॉग नाही. तिथे कान लावावा लागतो!

ही महिंद्राची सीजे-३बी. मूळ मॉडेल विलीजचं, १९५३ सालचं. इनटेक व्हॉल्व्ह वर बसवल्यामुळे इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच.

बाबांचा हात आता थरथरतो. भंगारवाला दोनदा येऊन गेलाय. म्हणून महिन्यातून एक शनिवार-रविवार पुण्याहून बल्लारशा गाठायचं आणि जीप शिकायची, असं चाललंय.

थंड इंजिनला चोक ओढायचा, धडधड जमली की हळूहळू आत सारायचा. कॉन्टॅक्ट पॉइंटची फट अर्धा मिलिमीटर. सास्तीकडच्या कोळशाच्या धुळीतून जाऊन आलं की एअर फिल्टरमधलं तेल बदलायचं. मे महिन्यात भर उन्हात गाडी बंद पडली तर बहुतेक वेळा नळीतल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि कडुलिंबाखाली गप बसायचं.

बाबा खुर्चीवरून म्हणतात, "पह्यले आयक, मंग पाना घे." मी सगळं वहीत लिहून घेतो. पण आवाज कसा लिहिणार?

गेल्या रविवारी इंजिन अडखळत होतं. बाबा मुद्दामच काही बोलले नाहीत. चालू इंजिनवर मी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तिसरी काढली तरी आवाज बदलला नाही.

"तीन नंबर," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. भंगारवाल्याला संध्याकाळी नाही म्हणून कळवलं.