दात नसलेलं तोंड

‘दातच न्हाईत, तर घासायचं काय?’ लातूर-नांदेडकडं अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड तपासायला गेलं की हा प्रश्न ठरलेला. अंग रोज पुसलेलं, चादर बदललेली. तोंड मात्र कुणी उघडून पाहिलेलं नसतं. नळीतून अन्न जात असेल, तर बघायलाच नको. खाणारं तोंड चघळण्यानं, लाळेनं थोडंफार आपसूक धुतलं जातं. न खाणाऱ्या तोंडात जिभेवर, टाळूवर पापुद्रा धरतो. त्यातले जंतू झोपेत लाळेबरोबर श्वासनळीत उतरतात आणि खोकल्यात जोर नसला की फुप्फुसातच ठाण मांडतात.

साहित्य घरातलंच : वाटीभर पाणी, मऊ ब्रश, सुती फडकं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हाच्या लातुरातही अडू नये असं हे काम. जास्त पाणी उलट घातकच. आधी उशाला उंच करायचं किंवा कुशीवर वळवायचं. फडकं घट्ट पिळायचं, कारण गळणारा थेंबही श्वासनळीत जाऊ शकतो. ओठ भिजवायचे, खपली मऊ होऊ द्यायची, ओढायची नाही. मग गाल, हिरड्या, टाळू आणि शेवटी जीभ, मागून पुढं. कवळी रात्री काढून पाण्यात.

एक आजी तोंड घट्ट मिटून असायच्या. ‘आज्जी, मिसरी लावत होतात का?’ एवढं विचारलं, तर हसल्या आणि आ केला. गालात आत तपकिरी डाग. मिसरी म्हणजे तंबाखूच. पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसतो का, तेही तिथंच पाहून घेतलं.

जपानमध्ये संशोधक योनेयामा आणि सहकाऱ्यांनी ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं अशी तोंडाची सफाई करून पाहिली : रोज जेवणानंतर ब्रश, आठवड्याला दंतवैद्याची सफाई. न्यूमोनिया १९ टक्क्यांऐवजी ११ टक्क्यांना झाला. अमेरिकेतल्या नंतरच्या एका मोठ्या प्रयोगात मात्र फरक दिसला नाही. म्हणून मी न्यूमोनिया टळेलच, असा शब्द देत नाही. चव परत येते, तोंडाचा वास जातो, नातवंडं जवळ बसतात, एवढं मात्र सांगते.

लातूर, नांदेड दोन्हीकडं दंत महाविद्यालयं आहेत. पण खाटेवरचा माणूस तिथल्या खुर्चीपर्यंत पोचत नाही. मी गेले तरी आठवड्यातून एकदा. रोजचा हात सुनेचा, नाहीतर मावशींचा. खाटेजवळच्या कागदावर बीपी, साखर, लघवी सगळं लिहिलेलं असतं. तिथं मी आणखी एक रकाना आखून देते : तोंड, सकाळ-रात्र. रकाना असला की कुणाची तरी पाळी ठरते.