घराचं लांछन



बोलताना आपण ‘कुळाला लांछन लावलं’ असं म्हणतो, तेव्हा लांछन म्हणजे डाग, बट्टा. आणि मंदिरात मात्र प्रत्येक तीर्थंकरांना लांछन असतं! ऋषभदेवांचा बैल, शांतिनाथांचं हरीण, मुनिसुव्रतांचं कासव, विमलनाथांचं तर डुक्कर. जटा असलेले ऋषभदेव आणि फणा असलेले सुपार्श्वनाथ-पार्श्वनाथ सोडले, तर बाकीच्या मूर्ती सारख्याच दिसतात. तीच बैठक, तीच शांत नजर. राग-द्वेष गेल्यावर वेगळेपण उरणार तरी कुठे? म्हणून ओळखीपुरतं एवढंसं चिन्ह, तेही खाली आसनावर कोरलेलं.

हे आठवायला निमित्त झालं लेकीच्या लग्नपत्रिकेचं. पत्रिकेवर घराण्याचं मानचिन्ह छापायची टूम आता ठाण्याहून आमच्या डोंबिवलीतही आली आहे. पुतण्याने हौसेने कॉम्प्युटरवर काढून आणलं: ढाल, दोन्ही बाजूंना पंजे उगारलेले सिंह, वर मुकुट, मागे दोन तलवारी, खाली सोनेरी फितीवर आडनाव. सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, “छान आहे रे. पण तलवारी कुणासाठी?”

“आजी, सिंह तर महावीरांचाच आहे की!”

“महावीरांचा सिंह पायाशी असतो. पंजा नाही उगारत.”

मग मी जरा वाचत बसले. युरोपात ही मानचिन्हं बाराव्या शतकात रुजली. चिलखत आणि शिरस्त्राण घातलेला सरदार रणात ओळखू यावा म्हणून ढालीवर चित्र. म्हणजे ओळख पटवणं हेच काम दोन्हीकडे, पण तिथे चेहरा झाकलेला म्हणून आणि आपल्याकडे चेहऱ्यावर ‘मी’ उरलेला नाही म्हणून. आपल्या संस्थानिकांना तशी मानचिन्हं मिळाली ती 1877 च्या दिल्ली दरबारात. रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती बेतली आणि निशाणांवर काढून ती राजेमहाराजांना भेट देण्यात आली. निशाणांचे दांडे इतके जड की एकेक उचलायला दोन-दोन धिप्पाड सैनिक लागत म्हणे! घराण्याचं ओझं म्हणतात ते हेच असावं.

पण त्याच्या कितीतरी आधी आपल्या ठाण्यातच एका घराण्याचं चिन्ह होतं, हे मला माहीत नव्हतं. उत्तर कोकणचे शिलाहार. त्यांची राजधानी स्थानक, म्हणजे आपलं ठाणं. अंबरनाथचं शिवमंदिर त्यांच्याच काळातलं, 1060 चं. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड असे आणि बिरुद होतं सुवर्णगरुडध्वज. गरुड का, तर ते स्वतःला जीमूतवाहन विद्याधराचे वंशज म्हणवत. एका नागाला वाचवण्यासाठी जीमूतवाहन स्वतः शिळेवर जाऊन गरुडासमोर बसला, ती ही कथा. शिलाहार हे नाव त्या शिळेवरूनच सांगतात. राजघराणं आपल्याला राजाचं वंशज म्हणवतं यात नवल नाही. यांनी मात्र दुसऱ्याच्या जिवासाठी आपला जीव पुढे करणारा पूर्वज निवडला. सासूबाईंना ही कथा सांगितली तर दोनदा सांगायला लावली.

तरी माझ्या मनातली अडचण सुटेना. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात जे आठ मद सांगितले आहेत, त्यात कुलमद आहेच. दशलक्षणात उत्तम मार्दवाच्या दिवशी मान गाळायचं प्रवचन ऐकायचं आणि घरी येऊन आडनावावर मुकुट चढवायचा? आमचे आजेसासरे गावोगावच्या बाजारात कापड विकायचे. मुकुट आणायचा तरी कुठून? जाऊबाईंनी सुचवलं, सरळ जैन प्रतीक घालू. पण ते 1974-75 मध्ये महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली तेव्हा सगळ्या पंथांनी मिळून स्वीकारलेलं. त्याखाली एका घराचं आडनाव शोभत नाही.

शेवटी उत्तर स्वयंपाकघरातच सापडलं. आमच्याकडे नळाला आजही फडकं बांधलेलं असतं. सासूबाई लहान होत्या तेव्हा विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर राहिलेले जीव अलगद त्याच विहिरीत परत सोडायचे. हे परत सोडणं विसरलं तर त्यांच्या आईचा ओरडा बसायचा. मी पुतण्याला म्हटलं, घागर काढ, तोंडावर फडकं बांधलेली. आमचं घर कोण होतं यापेक्षा काय करत आलं, ते दिसू दे. कलश हे मल्लिनाथांचं लांछन, हे सासूबाईंनी लगेच जोडून दिलं. श्वेतांबर मैत्रिणींना तर मल्लिनाथ स्त्री होत्या हेही आठवेल.

सिंह गेले, तलवारी गेल्या, मुकुट गेला. ढालीवर मात्र पुतण्या अडून बसला होता. मग मी त्याला वाचलेलं सांगितलं: इंग्लंडात अविवाहित बायका आणि विधवा आपलं मानचिन्ह ढालीवर काढत नसत, त्यांच्यासाठी शंकरपाळ्यासारखा चौकोन असे, कारण ढाल लढणाऱ्याची. तो हसला आणि त्याने ढाल पुसली. शंकरपाळा मीच नको म्हटलं.

राहिली आडनावाची फीत. लेक म्हणते, तीही काढा. “घागर मी सोबत नेणार आहे. आडनावाचं माझं अजून ठरलेलं नाही.” जाऊबाईंना हे मुळीच पटलेलं नाही. सासूबाई दोघींचं ऐकतात आणि भाजी निवडत राहतात. छापखान्यात मजकूर शुक्रवारी द्यायचा आहे.