वजा एकवीस

फुटबॉलमधलं आम्हाला फार कळतं असा आमचा मुळीच दावा नाही. पण आम्ही पडलो कोल्हापूरचे! त्यामुळे नुसत्या क्रिकेटवर वाढलेल्या इतर मराठी मंडळींपेक्षा या खेळाशी आमची सोयरीक जरा जुनी आहे. पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगून खरं वाटत नाही, पण आमच्या गावात पेठापेठांतून तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशी त्यांची नावं. शाहू स्टेडियमवर सामना असला की सख्खे मित्रही वेगवेगळ्या बाजूंना बसतात. संघाचा मालक कोण, असा प्रश्न तिथे आम्ही कधी ऐकला नाही. संघ पेठेचा, वर्गणी पेठेची, आणि हरल्यावरची भांडणंही पेठेचीच.

एम.एस्सी. करायला इंग्लंडात आलो आणि नोकरीच्या निमित्ताने डर्बीला स्थायिक झालो, तेव्हा गाव बघूनच आम्हाला घरच्यासारखं वाटलं. डर्बी म्हणजे रेल्वे आणि विमानाची इंजिनं यांवर पोट भरणारं गाव. इथे पानवाल्याच्या टपरीवर बसावं तशी माणसं पबमध्ये बसून टर्बाइनबद्दल बोलतात. १९७१ साली इथली रोल्स-रॉइस कंपनी बुडाली आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. गावावर अवकळा आली. पण त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, ब्रायन क्लफच्या डर्बी काउंटीने इंग्लंडचं अजिंक्यपद मिळवलं. १९७५ साली पुन्हा एकदा. आमच्या शेजारचे आजोबा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते या दोन सालांचा उल्लेख आपल्याकडे लोक १९८३ च्या वर्ल्ड कपचा करतात तसा करतात. भेटले की "ए अप, मी डक!" म्हणून हाक मारतात. शब्दशः बघितलं तर 'काय गं माझ्या बदका', पण या भागात ते प्रेमाचं संबोधन आहे. आमच्या चिरंजीवांना सहाव्या वर्षी पहिल्यांदा स्टेडियमवर नेलं ते याच आजोबांनी. तेव्हापासून घरात पांढरा शर्ट आणि मेंढ्याचं चित्र यांची कायमची स्थापना झाली. सौ. म्हणाल्या, "गणपती दीड दिवसाचे, हे दैवत मात्र बारमाही दिसतंय!"

आता मुख्य विषयाकडे येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये हा क्लब अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. म्हणजे देणी भागवता येत नाहीत म्हणून कारभार बाहेरच्या प्रशासकांच्या हाती गेला. लीगच्या नियमाप्रमाणे लगेच १२ पॉइंट कापले गेले. नोव्हेंबरमध्ये जुन्या हिशोबांतल्या नियमभंगाबद्दल आणखी ९. एकूण वजा एकवीस. चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. त्यांनी आम्हाला विचारलं, "बाबा, आपण मॅच जिंकलो ना? मग आपले पॉइंट्स कुणी घेतले?"

प्रश्न साधा होता, उत्तर साधं नव्हतं. आम्ही इंजिनिअर माणूस. एखादं यंत्र बंद पडलं की ते कुठे, कधी आणि का तुटलं हे बघितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. म्हणून आम्ही महिनाभर वर्तमानपत्रं आणि लीगच्या चौकशी समितीचे निकाल वाचून काढले. जे समजलं ते आमच्या वाचकांसाठी थोडक्यात मांडतो.

क्लबचे मालक होते मेल मॉरिस. डर्बीचेच, लहानपणापासून याच क्लबचे चाहते. 'कँडी क्रश' या खेळाच्या कंपनीत त्यांना मोठा पैसा मिळाला. २०१५ साली त्यांनी क्लब घेतला. उद्देश एकच, प्रीमियर लीगमध्ये जायचं. तिथे पोचलं की टीव्हीच्या हक्कांचा पैसा असा येतो की मागचं सगळं कर्ज फिटावं. खालच्या चॅम्पियनशिपमधले कित्येक क्लब याच आशेवर मिळकतीपेक्षा जास्त पगार वाटतात. आपल्याकडे मुलीच्या लग्नासाठी शेत गहाण टाकतात ना, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे लग्न ठरलेलंच नसतं! डर्बी तर दोनदा अगदी मांडवाच्या दारापर्यंत जाऊन परत आली. २०१४ च्या अंतिम प्ले-ऑफमध्ये नव्वदाव्या मिनिटाला गोल खाल्ला, तोही दहा माणसांनी खेळणाऱ्या क्वीन्स पार्क रेंजर्सकडून. मॉरिस मालक असताना २०१९ मध्ये अॅस्टन व्हिलाने २-१ असं हरवलं.

लीगचा तेव्हाचा नियम असा होता की चॅम्पियनशिपमधल्या क्लबने तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा करू नये. मग यावर तोड काय काढली? २०१८ मध्ये क्लबने आपलं प्राइड पार्क हे स्टेडियम विकलं. घेणारं कोण? मालकाचीच दुसरी कंपनी. पुस्तकी किंमत सुमारे ४ कोटी पौंड, विक्री सुमारे ८ कोटींना. म्हणजे डाव्या खिशातलं घड्याळ उजव्या खिशात टाकलं आणि ताळेबंदात तोट्याच्या जागी नफा उमटला. लीगने यावर खटला केला, पण त्या मुद्द्यावर क्लब सुटला. तेव्हाच्या नियमांत अशा विक्रीला मनाईही नव्हती.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची. समजा एक खेळाडू चार वर्षांच्या कराराने १ कोटी पौंडांना आणला. सगळे क्लब दरवर्षी २५ लाख खर्ची टाकतात, चार वर्षांनी किंमत शून्य. सरळ रेषेचा हिशोब. डर्बीने मात्र ठरवलं की खेळाडू पुढे विकला तर काही रक्कम येईलच, तेव्हा सुरुवातीला कमी खर्च दाखवायचा. आमच्या कारखान्यात कुणी यंत्राचा घसारा असा काढला असता तर ऑडिटरने दुपारचा चहासुद्धा घेऊ दिला नसता! २०२१ साली अपिलात क्लब हरला. एक लाख पौंड दंड झाला आणि जुने हिशोब नव्याने करून देण्याचा हुकूम निघाला. गंमत म्हणजे २०१८ नंतरच्या वर्षांचे हिशोब तोपर्यंत प्रसिद्धच झाले नव्हते. इकडे आपल्या मंडळात कोजागिरीच्या मसाला दुधाचा हिशोब पेनीपर्यंत लागला नाही तर वार्षिक सभेत आवाज चढतात!

त्यात २०२० साली करोना आला, स्टेडियमं ओस पडली, तिकिटांचं उत्पन्न थांबलं. मालकांनी अनेक वर्षं पदरचे कोट्यवधी पौंड ओतले होते, हेही मान्य केलं पाहिजे. त्यांनी हात आखडता घेतला तेव्हा खाली काहीच उरलेलं नव्हतं. एकट्या कर खात्याचेच कोट्यवधी पौंड थकलेले होते.

चाहत्यांचा संताप आम्ही जवळून पाहिला. शेजारच्या आजोबांचं सीझन तिकीट पन्नास वर्षांचं. त्यांचं म्हणणं असं, "वाईट खेळून खाली गेलो तर आम्ही शिव्या देऊ आणि पुढच्या शनिवारी परत येऊ. पण ज्या कागदावर आमची सही नाही, तो कागद आम्हाला बुडवणार?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. चाहता हा मोठा विचित्र ग्राहक आहे. दुकान महाग झालं तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. क्लबचा कारभार बिघडला म्हणून डर्बीचा माणूस नॉटिंगहॅमच्या संघाला टाळ्या वाजवायला जाईल? मंगळवार पेठेतला माणूस शिवाजी पेठेच्या संघाचा झेंडा घेईल का? तो जाऊ शकत नाही हे मालकांना पक्कं ठाऊक असतं. सगळी मेख तिथे आहे.

३० जानेवारी २०२२ च्या रविवारी बर्मिंगहॅमविरुद्ध सामना होता. त्याआधी सुमारे दहा हजार लोक गावाच्या मध्यापासून स्टेडियमपर्यंत चालत गेले. आम्ही, चिरंजीव आणि आजोबाही त्यात होतो. सौ.ने तिघांना थर्मासमध्ये चहा आणि पराठ्यांची सुरळी दिली होती. आम्ही आषाढी वारी लहानपणी एकदाच पाहिलेली, पण त्या थंडीत तीच आठवली. पुढे-मागे नुसती माणसं. पोरं खांद्यावर, म्हातारे काठी टेकत. कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि सगळे बोलत होते. डर्बीत इतकी वर्षं काढली, पण "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न एकदाही कानावर न आलेला असा तो आमचा पहिलाच दिवस. सामन्यात संघ ०-२ असा मागे पडला. शेवटच्या मिनिटांत एक गोल झाला आणि जादा वेळेत बिएलिकने पाठमोऱ्या उडीत हवेतल्या हवेत चेंडू मारून बरोबरी केली. आजोबांनी आमच्या गळ्यात पडून जी मिठी मारली, त्यात चहाचा थर्मास फुटला तो फुटलाच.

तरीही शेवट जो व्हायचा तोच झाला. १८ एप्रिल २०२२ ला संघ पुन्हा त्याच क्वीन्स पार्क रेंजर्सकडून हरला आणि तिसऱ्या पायरीवर उतरला. वेन रूनीच्या हाताखाली नवखी पोरं आणि फुकट मिळालेले खेळाडू यांनी त्या हंगामात मैदानावर ५५ पॉइंट मिळवले होते. तेवढ्यांवर संघ सहज टिकला असता. तक्त्यात राहिले ३४.

क्लब विकत घ्यायला पुढे आलेल्या एका अमेरिकन उद्योजकाचे पैसे शेवटपर्यंत आलेच नाहीत. हे गृहस्थ पुढे २०२४ मध्ये तिकडच्या वेगळ्याच फसवणुकीच्या खटल्यात वीस वर्षांची शिक्षा घेऊन बसले. अखेर डर्बीचेच बांधकाम व्यावसायिक डेव्हिड क्लाउझ यांनी आधी स्टेडियम आणि मग १ जुलै २०२२ ला क्लब घेतला. विकलेलं घर पुन्हा क्लबशी जोडलं गेलं.

एक गोष्ट मात्र आमच्या मनाला अजून टोचते. दिवाळखोरीत खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे पैसे पूर्ण द्यावे लागतात, असा लीगचा नियम आहे. बाकीच्या विनातारण देणेकऱ्यांना पौंडामागे किमान २५ पेन्स दिले की क्लब आणखी दंडातून सुटतो. म्हणजे गवत कापणारा, पाय (आपली पॅटिस म्हणा) पुरवणारा, नळ दुरुस्त करणारा यांच्या वाट्याला चार आणे! आमच्या ओळखीच्या एका छोट्या कंत्राटदाराचे असेच एका क्लबकडे पैसे अडकले होते. तो पैशांपेक्षाही याच गोष्टीने दुखावला होता, की संघ त्याचा स्वतःचा होता.

डर्बी निदान वाचली. मँचेस्टरजवळच्या बरी क्लबचं नशीब तेवढं नव्हतं. १९०३ च्या एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात याच बरीने डर्बीला ६-० असं धुतलं होतं. २०१८ च्या डिसेंबरात तो क्लब एका पौंडाला विकला गेला आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगमधून काढला गेला. चाहत्यांनी पुढे तो कसाबसा उभा केला आणि २०२३ पासून कितीतरी पायऱ्या खालून पुन्हा खेळायला लागले. अशा प्रकरणांमुळेच जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. आता स्वतंत्र नियामक मालकांची ऐपत आणि चोख वागणूक तपासणार, आणि त्याच्या परवानगीशिवाय स्टेडियम विकता येणार नाही. कायदा चांगला आहे, परंतु त्याची परीक्षा पहिल्या लबाड मालकाच्या वेळीच होईल.

२०२४ च्या एप्रिलमध्ये डर्बी पुन्हा वर चढली, आणि पुढच्या हंगामात तिथे टिकलीही. आमचे चिरंजीव आता पंधरा वर्षांचे आहेत. सामन्याइतकाच ताळेबंदही वाचतात. "बाबा, वेजेस किती परसेंट आहेत बघितलं का?" असं विचारतात. या वयात आम्हाला घसारा म्हणजे जिन्यावरून पडणं एवढंच माहीत होतं!

पुढच्या महिन्यात आपल्या मंडळाची वार्षिक सभा आहे. खजिनदार हिशोब वाचायला उभे राहिले की निम्मी मंडळी चहाच्या टेबलाकडे सरकतात, हा आपला जुना रिवाज. यंदा आम्ही पुढच्या रांगेत बसणार आहोत आणि चिरंजीवांनाही आणणार आहोत. खजिनदारसाहेबांनी राग मानू नये. तुमच्यावर संशय नाही. पण मंडळ कुणा एकाचं नाही, पेठेचं आहे, आणि पेठेने हिशोब बघायचा असतो. मंडळी, चहा नंतर घेऊ.