नाच्या आणि गंधर्व

सांगली,
२ ऑगस्ट

चि. सोन्यास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. याला फोनवर उत्तर देणं मला जमायचं नाही, म्हणून कागद घेतला. तू विचारतोस, साडी नेसून, चाळ बांधून लावणी करतोस तो तू खरा, की सकाळी शर्ट खोचून ऑफिसला जाणारा? आणि तुझा बाप, माझा दादा, तुला काही विचारतच नाही, मला विचारतो, "पोरात काही दोष आहे का गं?" तुम्हा दोघांनाही वाटतं, उत्तर तुझ्या आत कुठंतरी लिहून ठेवलंय, फक्त शोधायचं बाकी आहे. मला विचारशील तर त्यातलं निम्मं समोरच्या खुर्च्यांत बसलेलं असतं.

तू ज्या गावचा आहेस त्या गावाला याची चांगली माहिती असायला हवी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सीतेला उभा राहिला तो पुरुषच. पुढं नारायण श्रीपाद राजहंस नावाचा पोरगा कानावर उपचार घ्यायला मिरजेत आला, किर्लोस्कर नाटक कंपनीच्या नजरेस पडला आणि १९०५ मध्ये मिरजेतच शकुंतला म्हणून पहिल्यांदा रंगमंचावर आला. बालगंधर्व. त्यानंतरचं तुला दादानंच लहानपणी ऐकवलंय. दाढी करताना अजूनही तो गंधर्वांच्या 'स्वयंवर'ची पदं लावतो. रुक्मिणीचा तो आवाज ऐकताना त्याचे डोळे भरून येतात, तू पाहिलंयस. ती रुक्मिणी पुरुष होती याचा त्याला कधी त्रास झालेला मी पाहिला नाही.

गंधर्वांची गंमत मला बाई म्हणून जास्त कळते. त्यांचा पदर, त्यांची नथ, केसांतला गजरा पाहून घरोघरच्या बायका तसं नेसू-माळू लागल्या. माझी आजी सांगायची, तिच्या सासूबाई नाटक बघून आल्या की आठवडाभर पदर वेगळाच घ्यायच्या. आजीनं आईला वळण लावलं, आईनं मला. गुडघे जुळवून बस, दात दाखवून हसू नको, पाहुण्यांसमोर आवाज खाली. माझ्या त्या 'घरंदाज' वळणात कुठंतरी मागं राजहंस आडनावाचा एक गृहस्थ बसलेला असणार, आणि मी पन्नास वर्षं समजत आले की हे बाईपण माझ्या रक्तातलं! त्या काळी घरंदाज बाईनं रंगमंचावर पाऊल ठेवायचं नाही, म्हणून ती कशी असते हे दाखवायला पुरुष लागला. त्यानं ते इतकं देखणं दाखवलं की खऱ्या बायकांनाच आपण उण्या वाटू लागलो. 'नाट्यमन्वंतर' संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या त्या १९३३ मध्ये. म्हणजे भाव्यांच्या सीतेनंतर ९० वर्षं.

आता तमाशाच्या फडाकडं बघ. तिथंही आधी पोरगेच लुगडं नेसून नाचायचे, 'नाच्या पोऱ्या' म्हणत त्यांना. मग पवळाबाई हिवरगावकर आल्या. तमाशात उभी राहिलेली पहिली बाई म्हणून त्यांचंच नाव घेतात. त्या महार समाजातल्या. नाटक कंपनीत बाई आली तर संस्कृती बुडेल म्हणणाऱ्यांना पवळाबाईंनी नाचायला काहीच हरकत दिसली नाही. त्यांच्याबरोबर राहिले म्हणून शाहीर पठ्ठे बापूरावांना, आपल्या वाळव्याकडच्या रेठऱ्याच्या कुलकर्ण्यांना, ब्राह्मण समाजानं वाळीत टाकलं. कोणत्या बाईची अब्रू जपायची आणि कोणत्या बाईला नाचवायचं हे आधीच ठरलेलं होतं. बाईपण सगळ्या बायकांना सारखं वाटलेलंच नाही कधी. पुरुषपणाचंही तसंच.

विष्णुपंत पागनीस आठव. त्यांनीही तरुणपणी स्त्रीपार्ट केले. पुढं प्रभातच्या 'संत तुकाराम' सिनेमात (१९३६) ते तुकोबा झाले. त्यांच्या चालण्यात, मान कलती करण्यात जो हळवेपणा आहे तो मला तरी त्या स्त्रीपार्टांतूनच आलेला वाटतो. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत त्याला 'बायकी' म्हणाले असते. तुकोबांच्या अंगावर तोच हळवेपणा भक्ती ठरला, आणि लोक पागनिसांच्या पाया पडले.

आणि मग गणपत पाटील. ते कोल्हापूरचेच, म्हणून मला त्यांच्याविषयी जास्त लिहायचंय. तमाशापटांतला नाच्या म्हणजे गणपत पाटील, हे समीकरण एवढं पक्कं झालं की त्यांचं नाव घेतलं तरी थिएटरात हशा पिकायचा. कंबरेत मुरडायचे, टाळी द्यायचे, बोटं नाचवायचे. घरी बायको होती, मुलं होती. पण लोकांना पडद्यावरचाच माणूस खरा हवा होता. रस्त्यात टिंगल, मुलांची लग्नं जमवताना कुजबुज. हे दुःख त्यांनी पुढं स्वतःच सांगितलं. ते २००८ मध्ये गेले, तेव्हा बातम्यांतही 'नाच्या'च होते. गंधर्वांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. दोघांचं काम एकच होतं रे, बाई होणं. एकानं नायिका केली, शालू नेसून, नाट्यगीत गाऊन, पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांसमोर. दुसऱ्यानं बाई होता होता अर्ध्यावर थांबून लोकांना हसवलं. पूर्ण बाई झालेला पुरुष आपल्याला चालला, डोक्यावर घेतला. मधेच थांबलेला नको होता. मला वाटतं, त्याच्याकडं बघताना पुरुषांना स्वतःचीच भीती वाटते, म्हणून ते इतक्या मोठ्यानं हसतात.

आनंद यादवांची 'नटरंग' वाचली नसशील तर वाच. २०१० साली सिनेमा आला तेव्हा दादानं दोनदा पाहिला आणि त्यातल्या नाच्या झालेल्या गुणासाठी पंचवीस वेळा हळहळला. कागलच्या गुणासाठी हळहळणं सोपं आहे, पुण्यात राहणाऱ्या पोटच्या पोरासाठी अवघड.

दादाला मुळात जे विचारायचं आहे ते मी नीट लिहिते, कारण तो लिहिणार नाही. तुला मुली आवडतात की मुलगे, हा त्याचा प्रश्न. त्या प्रश्नाचा लावणीशी काही संबंध नाही. साडी नेसणारा प्रत्येक नट तसा नसतो आणि तसे असणारे कितीतरी जण जन्मभर टाय लावून फिरतात. गणपत पाटलांच्या बाबतीत लोकांनी हीच गल्लत केली. तुझ्या बाबतीत जे असेल ते तू तुला वाटेल तेव्हा सांग, नाहीतर सांगू नको. 'दोष' म्हणून मी ते ऐकून घेणार नाही, हे दादाला सांगून टाकलंय.

पण एक गोष्ट तुलाही आवडणार नाही अशी सांगते. टाळ्यांवर फार विसंबू नको. गंधर्वांनी १९३५ मध्ये 'धर्मात्मा'त एकनाथ केला, पुरुष म्हणून पडद्यावर आले, आणि परत साडीकडं वळले. अंग सुटलं, वय झालं, कंपनी कर्जात बुडाली, तरी नायिकाच. ते त्यांचं स्वतःचं मन होतं, की लोकांनी त्यांना दुसरं काही होऊ दिलं नाही? गंधर्वांचे भक्त हा प्रश्न काढू देत नाहीत. तू लिहिलंस की शिट्ट्या आल्या की 'हाच मी' असं वाटतं. शिट्टी मारणाऱ्याला तू कोण आहेस याचं काय देणंघेणं? तालमीत, कोणी बघत नसताना, गिरकी घेताना काय वाटतं ते मला लिही. तू एवढा लांब मेसेज लिहिलास आणि त्यात तालमीबद्दल एक ओळ नाही.

सप्टेंबरात भावे नाट्यमंदिरात प्रयोग लागतोय म्हणालास. तीन तिकिटं काढ, पुढची नकोत, मला मान वर करून बघता येत नाही. एक माझं, एक वहिनीचं. तिसऱ्याबद्दल दादाला मी विचारणार नाही, तारीख तेवढी सांगणार आहे. तो आला नाही तर शेजारच्या कुलकर्णीकाकू आहेतच, त्यांना लावणीचं भलतं वेड, फक्त मोठ्यानं बोलत नाहीत.

नऊवारीला पिना कमी लाव, मागच्या व्हिडिओत काष्टा ताठ दिसत होता.

तुझी,
आत्या