चित्र कोण काढतंय?

नगरला सावेडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाटी मात्र अजून जुनीच आहे; रंगारी सापडला की बदलेन. मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की ‘गेम अडकतो’ म्हणणारी गिऱ्हाइकं वाढतात. त्यांचं उत्तर बहुतेक वेळा घरूनच ठरून आलेलं असतं: फॉरमॅट मारा, रॅम टाका, नाहीतर नवीन लॅपटॉप किती पडेल ते सांगा.

राहुरीकडचे एक शेतकरी आपल्या दहावीतल्या मुलाला घेऊन आले, ते मात्र नेमकं उलटं बोलले. “काय करायचं ते करा, पण नवीन घ्या म्हणू नका. कांद्याचं काय चाललंय ते तुम्हाला माहितीये.”

पोराची तक्रार नीट होती, म्हणून मला ती आवडली. “काका, गेम फुल स्क्रीनला मस्त चालतो. खिडकीत घेतला की लई अडकतो.” तो माइनक्राफ्टमध्ये आपला भुईकोट किल्ला बांधत होता. १९४२ साली नेहरू, पटेल, आझाद यांना जिथे डांबलं होतं, तोच किल्ला. अर्ध्या पडद्यावर गेम आणि अर्ध्यावर ब्राउझरमध्ये किल्ल्याचा ड्रोन व्हिडिओ, तो बघत बघत बुरूज रचायचे. चौकोनी ठोकळ्यांतून गोल बुरूज काढणं सोपं नाही, त्यामुळे खिडकी त्याला हवीच होती. ‘मग फुल स्क्रीनच खेळ’ हे उत्तर इथे चालणार नव्हतं.

खिडकीतल्या गेमविषयी एक जुना समज आहे. विंडोजमध्ये खिडकीतलं चित्र सहसा थेट पडद्यावर जात नाही. बाकीच्या खिडक्यांबरोबर त्याची जुळणी होते, मग ते दिसतं. विंडोज ७ मध्ये ही जुळणी बंद करता यायची, विंडोज ८ पासून ती कायमची चालू आहे. त्यामुळे गेम अडकला की लोक सगळा दोष खिडकीवर टाकून मोकळे होतात. पण नुसत्या जुळणीने वेग निम्मा होत नाही.

गेम चालू करून एफ३ दाबलं. डाव्या कोपऱ्यात सेकंदाला किती फ्रेम पडतात तो आकडा येतो. व्हिडिओ बंद असताना खिडकीतही ६०. व्हिडिओ लावला की ३०. मधलं ४५, ५० जवळपास काहीच नाही. हा उडी मारणारा आकडा बघितला की मी व्हीसिंक तपासतो. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलीसेकंद मिळतात. फ्रेम जराशी उशिरा तयार झाली, तरी व्हीसिंक तिला पुढच्या फेरीपर्यंत थांबवून ठेवतं आणि ६० चे सरळ ३० होतात. व्हीसिंक बंद केलं तेव्हा आकडा चाळिशीत घुटमळायला लागला. म्हणजे लॅपटॉपची खरी ताकद तेवढीच होती आणि व्हिडिओ त्यातला वाटा खात होता. फुल स्क्रीनमध्ये ब्राउझर झाकला जातो, झाकलेला व्हिडिओ रंगवण्याचे कष्ट तो घेत नाही, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

पण या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं! त्याला साठ कसे झेपेनात?

एफ३ च्या उजव्या बाजूला चित्र कोण काढतंय त्या चिपचं नाव असतं. तिथे कार्डाचं नाव नव्हतंच. प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स एकटं राबत होतं, गेमही तेच काढत होतं आणि व्हिडिओही. त्यात त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच भागवतं. आणि रॅमची पट्टी एकच, डीडीआर४-२६६६, सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी. एका बोअरवर दोन रानं भिजवायची तशी गत.

“पण गेम कार्डावर चालवायचं सेटिंग मी केलं होतं,” पोरगा म्हणाला. खरंच केलं होतं. माइनक्राफ्ट जावावर चालतो, आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जावाला ‘हाय परफॉर्मन्स’ दिलेलं दिसत होतं. फक्त ती जावा दुसरी होती, कशासाठी तरी वेगळी टाकलेली. माइनक्राफ्टचा लाँचर स्वतःची जावा सोबत घेऊन येतो आणि गेम तिच्यावर चालवतो. टास्क मॅनेजरमध्ये चालू असलेल्या ‘जावाडब्ल्यू’वर उजवं क्लिक करून तिचं खरं ठिकाण उघडलं, तीच फाइल यादीत घातली, गेम परत सुरू केला. उजवीकडे कार्डाचं नाव आलं. व्हिडिओ चालू असतानाही आकडा शंभराच्या वर. एवढ्या फ्रेम तो पडदा दाखवू शकत नाही आणि नगरच्या उन्हात पंखा उगाच बोंबलतो, म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये ६० ची मर्यादा घालून दिली.

पोरगा खुश झाला, तेवढ्यात वीज गेली. आकडा परत ३०. त्याचा चेहरा पडला, आणि वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारत होते, पैसे द्यावेत की नाही. हे प्रकरण वेगळं होतं. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरी वाचवायची एक सोय असते, चार्जर निघाला की ती गेमला ३० फ्रेमवर बांधते. ती कुठे बंद करायची ते दाखवलं, पण बंद केली नाही. वीज गेल्यावर तासभर लॅपटॉप टिकणं त्याच्या गावात जास्त कामाचं.

“मग रॅम टाकावी लागेल का?” वडिलांनी विचारलं. ग्राफिक्ससाठी नाही, कार्डाला त्याची स्वतःची मेमरी आहे. आठ जीबीत ब्राउझर आणि गेम दाटीवाटीने बसतात हे खरं, पण घाई नाही. कांदा विकल्यावर बघा, म्हटलं.

पुढे पोराचा फोन आला. खंदकात पाणी सोडलं तर तिथे उभं राहिल्यावर आकडा पन्नाशीत येतो, म्हणाला. पारदर्शक पाणी काढायला जड असतं, त्याला मी काही करू शकत नाही. पाणी कमी कर, म्हटलं.

“नाही,” तो म्हणाला, “खंदक भरलेलाच पाहिजे.”